खालची पट्टी परत कुणी आणायची?

उत्साही : दाखल्याचा अर्ज अर्धा भरून झालेला असतो आणि पडद्याखालची पट्टी जाते. स्टार्टचं बटण नाही, घड्याळ नाही, कीबोर्ड मराठीत आहे की इंग्रजीत ते दाखवणारी खूण नाही. अशा वेळी बहुतेक हात पॉवरच्या बटणाकडे जातात आणि भरलेलं सगळं जातं. वास्तविक अर्ज जागेवरच असतो. आल्ट धरून टॅब दाबलं तर तो पुन्हा समोर येतो. गेलेली असते ती फक्त पट्टी, आणि ती परत आणायला बहुतेक वेळा दोन-चार मिनिटं पुरतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत जिथे जिथे लोकांची कामं कॉम्प्युटरवर होतात, मग ते आपले सरकार सेवा केंद्र असो, ग्रामपंचायत असो, दूध संकलन केंद्र असो की जिल्हा परिषदेची शाळा, तिथे खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला ही पट्टी, म्हणजे टास्कबार, स्वतः परत आणता आला पाहिजे. त्यासाठी इंजिनिअर व्हायची गरज नाही. पण एवढं यायलाच हवं.

शंकेखोर : ‘यायलाच हवं’ हे ओझं कुणाच्या डोक्यावर पडतं ते आधी पाहू. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा जुलै संपत आला तशी सेवा केंद्रांपुढे किती गर्दी झाली ते तुम्हीही पाहिलंय. पाथर्डी तालुक्यात अशाच एका रांगेत मी होतो. आत बसलेल्या ताईंच्या पडद्यावरची पट्टी गेली. रांगेतून लगेच आवाज आला, "येत नाही तर बसता कशाला?" त्या बाईंनी काहीही मोडलं नव्हतं. यंत्र बनवणारा, विकणारा, केंद्र मंजूर करणारा, विम्याची मुदत ठरवणारा, यांच्यापैकी कुणाचं नाव रांगेच्या तोंडी आलं नाही. आलं ते फक्त समोर बसलेल्या बाईंचं. आता तुम्ही म्हणता, तिला दुरुस्ती शिकवू. हेतू चांगलाच आहे. पण ज्या दिवशी तुम्ही शिकवाल, त्या दिवसापासून पट्टी न येणं ही रीतसर तिची चूक ठरेल. आज ती निदान ‘मशीन बिघडलंय’ असं म्हणू शकते. उद्या लोक विचारतील, ट्रेनिंग झालंय ना तुमचं?

उत्साही : दोष कुणाचा आणि उपाय कुणाच्या हाताशी, हे दोन प्रश्न वेगळे ठेवू. दोष तिचा नाही, हे मान्य. पण उपाय तिच्याच बोटांखाली आहे आणि तो तिला कुणी दाखवलेला नाही. ही लपवाछपवी मला जास्त अन्यायाची वाटते.

मुळात पट्टी जाते म्हणजे काय होतं? विंडोजमध्ये एक्सप्लोरर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. डेस्कटॉपवरच्या खुणा, स्टार्टचा मेनू, खालची पट्टी, फोल्डरच्या खिडक्या, हे सगळं तो सांभाळतो. तो कोसळला की पट्टी जाते. ब्राउझर, एक्सेल, उघडलेली पीडीएफ, हे वेगळे प्रोग्रॅम आहेत, ते चालूच राहतात. म्हणजे दुकानाची पाटी पडलीय, आत माल आणि माणसं जागच्या जागी आहेत. एवढं एक कळलं की घाबरणं निम्मं कमी होतं आणि पॉवरच्या बटणाकडे जाणारा हात थांबतो.

मग पट्टी मेलीय की नुसती लपलीय ते तपासायचं. माउस पडद्याच्या तळाशी नेऊन थांबवायचा. पट्टी वर आली तर कुणीतरी ती आपोआप लपण्यावर ठेवली आहे, सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करायचं. विंडोजची कळ दाबायची. स्टार्ट उघडला तर एक्सप्लोरर जिवंत आहे. ब्राउझर पूर्ण पडदाभर पसरला असेल तर एफ ११ चुकून दाबलं गेलंय, तेच पुन्हा दाबायचं. शाळेत प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडलेला असेल तर विंडोज आणि पी दाबून बघायचं. दुसऱ्याच पडद्याला मुख्य ठरवलं असेल तर पट्टी तिकडे जाऊन बसते आणि इकडे नुसतं वॉलपेपर दिसतं. विंडोज १० पर्यंत तर पट्टी माउसने ओढून बाजूला किंवा वर नेता यायची, दाबून दोऱ्याएवढी बारीकही करता यायची. लहान मुलं माउसशी खेळली की हे हमखास व्हायचं. यातलं काहीच नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम. टास्क मॅनेजर उघडतो. या कळा एक्सप्लोररवर अवलंबून नाहीत, म्हणून तो पडलेला असतानाही चालतात. यादीत विंडोज एक्सप्लोरर दिसला तर निवडून रिस्टार्ट. यादीत नसेलच तर ‘रन न्यू टास्क’मध्ये इंग्रजीत एक्सप्लोरर टाइप करून एंटर. पट्टी येते. एकच जपायचं, पेनड्राइव्हवर फाइल कॉपी होत असेल तर रिस्टार्टने ती अर्धवट तुटते, कारण कॉपीचं ते काम एक्सप्लोररकडेच असतं.

शंकेखोर : तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी मनात कळा मोजत होतो. विंडोज, एफ ११, विंडोज आणि पी, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, आल्ट-टॅब. ही पट्टी पहिल्यांदा आली २४ ऑगस्ट १९९५ ला, विंडोज ९५ बरोबर. ती का आणली? त्याआधीच्या चाचण्यांत दिसलं होतं, की एका खिडकीमागे दुसरी खिडकी झाकली गेली की नवख्या माणसाला ती बंद झाली, हरवली असंच वाटतं. म्हणून जे जे उघडं आहे ते तळाशी कायम दिसत राहील अशी पट्टी केली. पहिल्यांदा यंत्र सुरू करणाऱ्याला स्टार्टकडे बोट दाखवणारा बाणसुद्धा त्या पट्टीवर सरकत यायचा. माणसाने काहीही लक्षात ठेवावं लागू नये, यासाठी केलेली ही गोष्ट. आणि आता ती गोष्ट गायब झाली तर काय करायचं, ते माणसाने लक्षात ठेवायचं. लोकांना न विचारता सोय दिली, तिच्यावर लोकांची सगळी सवय बसवली, आणि सोय कोसळल्यावर लोकांनाच म्हणायचं, की तुम्ही मुळाशी जाऊन शिका.

दुसरं असं, की मदतीच्या लेखांतली पुष्कळशी पहिली ओळ काय असते? टास्कबारवर राइट क्लिक करा. अहो, तोच तर नाही! ज्याला घर दिसत नाही त्याला दारातून आत या असं सांगण्यासारखं हे आहे. आणि हे सांगणाऱ्यांच्या कधी लक्षात आलं नाही, कारण त्यांच्या पडद्यावर पट्टी होती.

उत्साही : तुमचा तो दुसरा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि त्याचं मूळ आपल्या शिकवण्यात आहे. महाराष्ट्रात गावोगाव कॉम्प्युटर पोचला तो एमएससीआयटी या संगणक-साक्षरतेच्या कोर्समुळे. २००१ मध्ये तो चालवणारं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झालं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत राहाता, श्रीगोंदा, शेवगाव अशा गावांत बाजारपेठेच्या गल्लीत वरच्या मजल्यावर क्लास उघडले. मी स्वतः श्रीरामपूरला अशा क्लासमध्ये बरीच वर्षं शिकवलं. शेतमजुराच्या मुलीने पहिल्यांदा माउसला हात लावताना तिचा चेहरा कसा उजळतो, ते मी पाहिलंय. त्या कोर्सने जे केलं त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण आम्ही जे शिकवलं ते सगळं ठीकठाक चालणाऱ्या पडद्यावर. कुणी मुद्दाम पट्टी घालवून मुलांपुढे मशीन ठेवलं नाही आणि म्हटलं नाही, की बघा, आता काय उरलंय ते सांगा. बिघाड हा अभ्यासक्रमाचा भागच नव्हता. क्लासमध्ये बिघाड झाला की आम्ही मुलाला दुसऱ्या मशीनवर बसवायचो आणि संध्याकाळी दुरुस्त करायचो.

शंकेखोर : आणि त्याच कोर्सचं पुढे काय झालं तेही सांगा. सरकारी कर्मचाऱ्यांना तो सक्तीचा झाला, ३१ डिसेंबर २००७ ची मुदत आली. मुदतीत प्रमाणपत्र आणलं नाही म्हणून वेतनवाढी रोखल्या, शिक्षकांकडून वसुलीचे आदेश निघाले. निवृत्तीला टेकलेल्या गुरुजींना माउस धरता येतो का, त्यातून त्यांच्या वर्गाला काय मिळतं, हे कुणी विचारलं नाही. कागद आहे का, एवढंच विचारलं. माझी भीती इथून येते. या राज्यात ‘येणं’ या गोष्टीचं प्रमाणपत्र होतं आणि प्रमाणपत्राचा दंडुका होतो. तुमचं बिघाडाचं शिक्षणही उद्या दोन दिवसांचं ऑनलाइन मोड्युल होईल, शेवटी दहा प्रश्न असतील, त्यातला एक असेल, टास्क मॅनेजर उघडण्यासाठी कोणत्या कळा दाबाव्यात? बरोबर उत्तर देणाऱ्या माणसाच्या पडद्यावरची पट्टी गेली की तो तरीही पॉवरचं बटणच दाबेल.

उत्साही : म्हणून शिकवायचंच नाही, असं होतं का? मग पर्याय काय उरतो तेही पाहा. पट्टी गेली की तालुक्याच्या गावाहून माणूस बोलवायचा. अकोल्याच्या डांगाणातल्या एखाद्या गावात तो दुसऱ्या दिवशी येतो. आला की पहिलं वाक्य असतं, फॉरमॅट मारावा लागेल. तो वाईट माणूस नसतो. त्याला दिवसात पाच गावं करायची असतात, कारण शोधत बसण्यापेक्षा नवीन विंडोज टाकणं त्याला सोपं पडतं. पण फॉरमॅटमध्ये काय काय जातं याचा हिशोब करा. श्रीलिपी किंवा कृतीदेवचे फॉन्ट जातात, म्हणजे दहा वर्षांचे जुने ठराव उघडले की अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसतो. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर जातो. अंगठ्याच्या मशीनचा जातो, प्रिंटरचा जातो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या याद्या जातात, कारण बहुतेक कार्यालयांत सगळं डेस्कटॉपवरच असतं. एक्सप्लोरर रिस्टार्ट करून जे दोन मिनिटांत झालं असतं, त्यापायी कार्यालयाची स्मृती पुसली जाते. या प्रकाराने माझा जीव तुटतो. अज्ञानाची किंमत रांगेतल्या माणसाच्या वेळेपुरती नाही, गावाच्या कागदपत्रांनाही ती मोजावी लागते.

शंकेखोर : फॉरमॅटबद्दल मी तुमच्यासोबत आहे. पण अर्धवट ज्ञानाचीही एक किंमत असते, ती तुम्ही सोडून देता. पट्टी गेली म्हणून ती बाई मोबाइलवर शोधते. एक जण सांगतो रजिस्ट्रीतली अमुक नोंद उडवा, दुसरा सांगतो हे टूल डाउनलोड करा, तिसरा नंबर देतो आणि म्हणतो, पडदा दुरून बघायचं ॲप टाका, मी करून देतो. त्याच मशीनवर गावातल्या शेकडो लोकांच्या आधारच्या प्रती, बँक पासबुकाची पानं, ग्रामसेवकांच्या सहीचं टोकन. पट्टी परत येते आणि दार कायमचं उघडं राहतं. ज्याला काहीच येत नाही तो निदान हात लावत नाही. धोका ज्याला थोडंसं येतं त्याच्याकडून आहे.

उत्साही : नेमका हाच आक्षेप याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी घेतला गेला होता, वेगळ्या विषयात. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक जणी दलित, काहींना नवऱ्याने टाकलेलं. त्यांना बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, कुपोषण ओळखणं, हे शिकवलं. तेव्हा पुष्कळांना वाटलं, की अडाणी बाईच्या हाती औषध देणं म्हणजे जिवाशी खेळ. झालं उलटंच. गावातले बालमृत्यू कमी झाले, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि गावाचं आरोग्य गावाच्या हाती द्यायचा हा मार्ग बघायला जगभरातून लोक जामखेडला येऊ लागले. त्या बायकांना काय शिकवलं होतं, त्यात एक गोष्ट फार मोलाची होती. आपण कुठे थांबायचं आणि पेशंटला दवाखान्यात कधी पाठवायचं, ते. अर्धवट ज्ञान धोक्याचं होतं ते त्याची हद्द सांगितलेली नसते म्हणून. हद्दीसकट दिलं तर ते अर्धवट राहत नाही. टास्कबारच्या बाबतीत हद्द सांगणं तर फार सोपं आहे. माउस, विंडोजची कळ, एफ ११, प्रोजेक्टर, एक्सप्लोरर रिस्टार्ट, मशीन नीट बंद करून चालू. इथपर्यंत तुझं. रजिस्ट्री, अनोळखी टूल, दुरून पडदा बघणारं ॲप, इथे हात लावायचा नाही.

शंकेखोर : जामखेडचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं केलंत, कारण माझा सगळा आक्षेप त्यात नीट मांडता येतो. त्या बाईच्या पाठीशी जामखेडचा दवाखाना होता. ती नियमाने तिथे प्रशिक्षणाला जायची, आठवडाभरात गावात काय घडलं ते सांगायची, जे कळलं नाही ते विचारायची, आणि तिथले डॉक्टर तिचं ऐकून घ्यायचे. तिने पाठवलेल्या पेशंटला दवाखाना परत लावत नव्हता. म्हणजे हद्दीच्या पलीकडे कुणीतरी नावानिशी उभं होतं. हद्द सांगणं तेव्हाच प्रामाणिक असतं, जेव्हा पलीकडे उत्तर देणारा असतो. सेवा केंद्रातल्या बाईच्या पलीकडे कोण आहे? एक हेल्पलाइन, ती पोर्टलच्या तक्रारीसाठी, मशीनसाठी नाही. मशीन विकणारा म्हणतो सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही. सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीला पाथर्डी तालुका कुठे आहे हे माहीत असायचं कारण नाही. तुम्ही तिला हद्द आखून द्याल आणि पलीकडे मोकळं रान असेल. मग ती रजिस्ट्रीला हात लावेल, कारण रांग वाढत असते.

आणखी एक फरक आहे. मीठ-साखरेचं पाणी १९७० मध्ये जे काम करायचं तेच आज करतं. शरीर दर तीन वर्षांनी नव्या आवृत्तीत येत नाही. तुमचं ज्ञान शिळं होतं. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं, विंडोज १० चं १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ आलं तेव्हा पट्टीवरची बटणं मधोमध गेली, पट्टी बाजूला न्यायची सोयच काढून टाकली. जो बारा वर्षांपूर्वी शिकला त्याचं निम्मं पाठांतर वाया गेलं.

उत्साही : पाठांतर वाया गेलं, कारण ते पाठांतर होतं. पण कंट्रोल, शिफ्ट, एस्केप घ्या. टास्क मॅनेजर १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये आला, तेव्हापासून या कळा चालतात. एक्सप्लोरर हा पट्टी दाखवणारा वेगळा प्रोग्रॅम आहे, हे १९९५ मध्ये खरं होतं आणि आजही खरं आहे. दिसणारी गोष्ट आणि चालणारं काम वेगळं असतं, एक कोसळलं तरी दुसरं उभं राहू शकतं, हे कळलेला माणूस विंडोज ११ समोर आलं तरी गांगरत नाही. बटण कुठे गेलं ते तो शोधतो, कारण असं बटण असलं पाहिजे हे त्याला ठाऊक असतं. मी शिकवायचं म्हणतो ते हे. कळांची यादी भिंतीवर चिकटवली तरी चालेल. जामखेडच्या बायकांनाही जुलाबात पाणी का द्यायचं ते समजलं होतं, म्हणून सासूने ‘पाणी बंद करा’ म्हटलं तरी त्या मागे हटल्या नाहीत.

शंकेखोर : ही तुमची सगळ्यात बळकट बाजू आहे, आणि मी ती नाकारत नाही. तरीही २ सप्टेंबर २०२१ ला काय झालं ते ऐका. विंडोज ११ बाजारात यायला महिना बाकी होता आणि जगभरातले लोक त्याची चाचणी आवृत्ती वापरत होते. त्या दिवशी अनेकांची पट्टी आणि स्टार्ट मेनू एकदम निकामी झाले. कुणी काही दाबलं नव्हतं, कुठलं अपडेटही घेतलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून जाहिरातीसारखा एक मजकूर पट्टीकडे पाठवला गेला आणि त्या मजकुराने पट्टीच अडकली. पुढे मे २०२४ मध्येही विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही मशीनवर पट्टी मध्येच नाहीशी व्हायची आणि परत यायची, कंपनीने ते मान्य केलं. म्हणजे आता पट्टी जाण्याचं कारण मशीनमध्ये असेलच असं नाही. ते समुद्रापलीकडच्या सर्व्हरवर असू शकतं. तुमच्या बाईने थर समजून घेतले, एक्सप्लोरर ओळखला, रिस्टार्ट केला, आणि तो पुन्हा पडला, पुन्हा पडला. तिला वाटणार आपलंच काहीतरी चुकतंय. समज जितकी जास्त, तितकी ती स्वतःवर शंका घेणार. ज्या यंत्राच्या बिघाडाचं कारण यंत्राबाहेर गेलंय, त्याची समज खुर्चीवरच्या माणसाला देऊन किती पुरणार?

उत्साही : त्या दिवशीचा उपायही आठवा. कंट्रोल-आल्ट-डिलीट, तिथून टास्क मॅनेजर, तिथून कमांड चालवायची, रजिस्ट्रीतली एक नोंद काढायची, मशीन रिस्टार्ट. पहिली पायरी तीच होती. ज्याला ती माहीत होती, तो कंपनीच्या सूचनेपर्यंत पोचू शकला.

शंकेखोर : पण पुढची पायरी होती रजिस्ट्री, म्हणजे तुम्ही आत्ताच आखलेल्या हद्दीबाहेरची. आणि ती कमांड कुणीही समजून टाइप केली नाही. कंपनीने दिली तशी उतरवली. शेवटी मंत्रच.

उत्साही : हो. तिथे माझी हद्द मोडते, हे मला मान्य करावं लागेल. मग मी माझं म्हणणं थोडं बदलतो. दुरुस्ती शिकवण्याइतकंच नोंद करायला शिकवलं पाहिजे. पट्टी केव्हा गेली, आधी कोणतं काम चालू होतं, माउस खाली नेल्यावर काय झालं, एक्सप्लोरर रिस्टार्ट केल्यावर किती वेळ टिकला. चार ओळी, एका रजिस्टरमध्ये. एका केंद्रातली नोंद म्हणजे एका बाईची तक्रार. पण नेवासा, कर्जत, संगमनेर इथल्या केंद्रांत एकाच सकाळी सारखी नोंद झाली, तर कारण बाहेरचं आहे हे तासाभरात सिद्ध होतं. मग तिला स्वतःवर शंका घ्यावी लागत नाही. जामखेडच्या बायका आठवड्याला जे सांगायला जायच्या तेही हेच होतं, गावाची नोंद. आणि पलीकडे कुणी नाही, असं तुम्ही म्हणता. पण जिल्ह्यात आयटीआय आहेत, नगरला सरकारी तंत्रनिकेतन आहे, लोणीला प्रवरेचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या मुलांना प्रोजेक्टसाठी विषय हवे असतात. तालुक्याला दोन मुलं या नोंदी वाचायला बसली, तर हद्दीपलीकडे माणूस उभा राहतो.

शंकेखोर : मुलं प्रोजेक्ट संपला की जातात, मग त्या रजिस्टरचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. टिकायचं असेल तर पगारी माणूस लागतो आणि त्याच्यावर कायद्याचं बंधन लागतं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा घ्या. दाखला मुदतीत दिला नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. चांगला कायदा आहे. पण ज्या मशीनवर तो दाखला तयार होतो, ते मशीन चालू ठेवणं ही कुणाची सेवा, किती दिवसांत, आणि नाही दिली तर दंड कुणाला? ती साखळी अधिकाऱ्यापासून खाली येते आणि खुर्चीवरच्या माणसाशी संपते. तो माणूस कोण? ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक थकलेल्या मानधनासाठी मुंबईला आझाद मैदानावर जाऊन बसले, एकदा नव्हे, अनेकदा. ज्याचं मानधन वेळेवर येत नाही त्याला तुम्ही आता दुरुस्तीही देता आणि नोंदवहीही देता. मी शिकण्याच्या विरोधात नाही. वाढवलेल्या कामाला कागदावर नाव आणि मोबदला नसेल, तर त्या शिकण्याला मी मोफत वेठ म्हणेन.

उत्साही : मोबदला मागितला पाहिजे, त्यात वाद नाही. पण तो मागताना हातात काय असेल? ‘आमचं मशीन बिघडतं’ एवढंच म्हटलं तर वरचा साहेब म्हणतो, सगळ्यांचंच बिघडतं. वर्षभरात किती वेळा, कशामुळे, त्यात किती दाखले लांबले, हे लिहिलेलं असेल तर मागणीला बळ येतं. अंधारात मागितलेलं काही मिळत नाही, हे आझाद मैदानावरच्या लोकांनाही माहीत आहे. आणि एक सांगतो. पट्टी स्वतः आणलेल्या मुलीच्या वागण्यात काय फरक पडतो, तो मी पाहिलेला आहे. ती नंतर प्रिंटर अडला की तंत्रज्ञाला फोन करण्याआधी केबल बघते, ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं म्हणण्याआधी दुसरी साइट उघडून बघते. रांगेतल्या म्हाताऱ्याला ती काय सांगते हे बदलतं. "बाबा, उद्या या" च्या जागी ती म्हणते, "बाबा, नेट चालू आहे, पोर्टल बंद आहे, अर्ध्या तासाने पुन्हा बघते." हा फरक पैशात मोजता येत नाही, पण त्या म्हाताऱ्याची एक एसटी वाचते.

शंकेखोर : ती एसटी वाचावी असं मलाही मनापासून वाटतं. माझी अडचण आता फक्त तुमच्या नोंदवहीशी आहे. कारण लिहायच्या रकान्यात ‘वापरणाऱ्याची चूक’ अशी जागा ठेवणार का? ठेवलीत, तर वरून तपासणीला येणारा माणूस प्रत्येक ओळीला तेच कारण लावेल. सगळ्यात सोपं तेच आहे, ते मान्य केलं की बाकी कुणाला काही करावं लागत नाही.

उत्साही : ठेवावी लागेल. एफ ११ तिच्याच हातून दाबलं गेलं असेल तर तसं लिहिलं पाहिजे, नाहीतर ज्या दिवशी कारण खरोखर सर्व्हरवर असेल त्या दिवशी तिच्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

शंकेखोर : आणि ती नोंद दाखवून तिचं मानधन कापलं तर?

उत्साही : ते कापलं जाणार नाही, अशी हमी मला देता येत नाही. तरीही मी तिला खरं लिहायला सांगेन का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.